दिवेलागणीचा हिशेब

चि. बाळ यास,

तुझे पत्र परवाच्या टपालाने पावले. चिरंजीव सहा वर्षांचा झाला, त्याच्या मनावर धर्माचे काही संस्कार व्हावेत अशी इच्छा आहे, परंतु नोकरी आणि लोकलचा प्रवास यांत दिवस सरतो, सबब त्याच्याकडून पाठ करवून घेण्याजोग्या स्तोत्रांची एक यादी करून पाठवावी, असे तू लिहितोस. आणि ती सूनबाईकडे सोपवली म्हणजे आपली जबाबदारी संपली, हा त्यातला न लिहिलेला मजकूरही मला वाचता आला. याद्या करण्यात माझी सारी हयात गेली असल्यामुळे आणखी एक करणे मला जड नाही. तरी तूर्त ती पाठवीत नाही.

तुझ्या आजोबांच्या घरी दिवेलागणीला जी परवचा होई, तिची तुला अंधूक आठवण असेल. देवापुढे निरांजन लागले की हातपाय धुऊन सगळी पोरे ओळीने बसत. प्रथम शुभंकरोती, मग रामरक्षा किंवा भीमरूपी, आणि त्याच बैठकीत, त्याच सुरात, तीसपर्यंतचे पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, आणि शेवटी तिथी, वार, नक्षत्रे, महिने. रामाचे नाव कोठे संपले आणि एकोणतीसचा पाढा कोठे सुरू झाला, याची सीमारेषा आम्हा मुलांना कधी दिसली नाही. पुढे शाळेने पाढे स्वतःकडे घेतले, स्तोत्रे तेवढी घरी राहिली, आणि बुद्धीचे खाते एकीकडे व श्रद्धेचे दुसरीकडे अशी जी वाटणी झाली, ती मला अजून पटलेली नाही. मूल चौफेर वाढावे असे आपण म्हणतो. पण ते ज्या घरात वाढायचे, तेच दोन दप्तरांत विभागलेले असले तर ते चौफेर कसे व्हावे?

या संदर्भात विनोबांच्या घरातली एक हकीकत मला नेहमी आठवते. त्यांच्या मातोश्रींनी देवाला एक लक्ष तांदूळ वाहण्याचा संकल्प केला होता आणि त्या रोज बसून एकेक दाणा मोजीत असत. वडील नरहरपंत शास्त्रीय वृत्तीचे गृहस्थ. ते म्हणाले की तोळाभर तांदळात दाणे किती भरतात ते एकदा मोजावे, त्यावरून लाखाचे वजन काढावे, आणि चूकभूल नको म्हणून वर थोडे अधिक घालावे. हिशेब बिनचूक होता. माउलीला उत्तर सुचेना, म्हणून संध्याकाळी त्यांनी तो प्रश्न मुलापुढे ठेवला. आणि मुलाने सांगितले की हे गणिताचे काम नव्हे, दाण्यागणिक देवाचे स्मरण घडते, तेव्हा मोजणेच योग्य. मुलाच्या उत्तराचे कौतुक लोक करतात, ते रास्तच आहे. मला मात्र त्याहून मोठे वाटते ते आईचे विचारणे. आपल्या व्रताविषयीची खरीखुरी अडचण तिने मुलाला विचारली, त्याची परीक्षा घेण्यासाठी नव्हे, तर स्वतःला उत्तर हवे होते म्हणून. आणि वडिलांनाही दोष देऊ नकोस. त्या मुलाला गणिताची गोडी जन्मभर राहिली. तोळ्याचा हिशेब सांगणारा बाप आणि दाणा दाणा मोजणारी आई एकाच माजघरात नांदत होती, याचा त्यात काहीच वाटा नसेल असे मला वाटत नाही.

याच माउलीने पुढे संस्कृत गीता आपल्याला समजत नाही अशी कबुली दिली, आणि मुलाने मिळवून आणलेले मराठी भाषांतरही कठीण वाटले तेव्हा, तूच का करीत नाहीस, असे विचारले. ती १९१८ साली निवर्तली. ‘गीताई’ लिहिली गेली ती १९३०-३१ मध्ये, म्हणजे आईच्या पश्चात बारा वर्षांनी. मला येत नाही, एवढे मुलापाशी मोकळेपणाने म्हणण्याची ताकद किती दूरवर पोचते, पाहा.

आता माझी गोष्ट सांगतो. ती इतकी उजळ नाही. तुझा चुलतभाऊ सात-आठ वर्षांचा असताना त्याचे अक्षर सुधारावे आणि पुण्यही पदरी पडावे, असा दुहेरी लाभ योजून मी त्याला रोज शंभर वेळा रामनाम लिहावयास बसवीत असे. कागद अर्थातच कचेरीतला. त्या काळी आम्हा कारकून मंडळींत याला कोणी चोरी म्हणत नसे. टाक, शाई, टाचण्या हा नोकरीचा प्रसादच समजला जाई. एके दिवशी कागदाच्या कोपऱ्यावरील छाप बोटाने चाचपीत त्याने विचारले, “बाबा, कागद सरकारचा आहे, तर हा जप कोणाच्या नावावर जमा होईल?” मी डोळे वटारून त्याला गप्प बसविले. तो बसला, आणि पुन्हा त्याने तो विषय काढला नाही. परंतु त्या दिवसापासून तो रामनाम लिहीत असे ते पाटीवर. चार दिवस ती पाटी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. अखेरीस बाजारातून एक रीम कागद आणला, त्यालाच बरोबर घेऊन कचेरीत गेलो आणि त्याच्यादेखत तो दप्तराच्या कपाटात ठेवला. शिपायाने कारण विचारले. मी सांगितले नाही. वाटेत मुलाला मात्र सांगितले, आणि सांगताना मला जी लाज वाटली ती लपविली नाही. तो काही बोलला नाही. माझे बोट मात्र घरापर्यंत धरून होता.

अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या खोल्या स्वतः झाडीत, त्यांचे कपडे घड्या करून ठेवीत, हे तू ऐकले असशीलच. त्यांच्या ‘श्यामची आई’वर मी आणखी काय लिहावे? ते पुस्तक घरात असू दे. पण मोलकरणीला शिळी पोळी आणि देवाला ताजा नैवेद्य अशी पद्धत त्याच घरात असेल, तर मूल त्या दोन्ही पानांकडे पाहत असते, पुस्तकाकडे नव्हे. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण आपल्या लोकांनी उगाच केलेली नाही.

जागेची अडचण तू लिहितोस. चाळीतल्या दोन खोल्यांत देवघर नसेल तर फळीवर एक समई पुरे. तीही नसेल तर विजेचे बटण दाबताच हात जोडणारी माणसे मी तुमच्याच मुंबईत पाहिली आहेत. मात्र त्या वेळी घरात तू असावास. रोज जमणार नाही हे मला कळते. आठवड्यातून दोन दिवस लवकरची गाडी धरणे अशक्य नसावे. त्या दोन दिवशी त्याला पाठांतर विचारू नकोस. दिवसभरात तुझे स्वतःचे काय चुकले ते सांग, आणि त्याने काही विचारले तर उत्तर येत असेल तेवढेच दे.

यादीचे दिवाळीत तुम्ही इकडे आलात की पाहू. तोवर चिरंजीवाला माझा एक निरोप सांग. एका तोळ्यात तांदळाचे दाणे किती भरतात ते मला ठाऊक नाही, आणि डोळे अधू झाल्यामुळे मोजवत नाही. वाण्याकडून तोळाभर तांदूळ तू स्वतः तोलून आण, दोघे दिव्यापाशी बसून मोजा, आणि आकडा त्याच्या हाताने कार्डावर लिहून धाडा. कार्ड पोस्टातून विकत घ्यावे.

चि. सौ. सूनबाईस आशीर्वाद. कळावे.

तुझा,
काका