जाते, हात आणि मन : ओवीच्या निर्मितीप्रक्रियेविषयी एक टिपण

जात्यावरची ओवी श्रमपरिहारासाठी गायिली जाते, हे लोकसाहित्याच्या अभ्यासातील रूढ विधान आहे. ते चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे. श्रम हलके करण्यास नुसता सूरही पुरेसा ठरला असता. मग ओवीत माहेर, सासुरवास, पंढरीची वारी, डॉ. आंबेडकर असा विपुल आशय का यावा? या प्रश्नाचे उत्तर मनोव्यापारात शोधणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये सवयीचे विवेचन करताना असे दाखविले की, सरावाच्या कृतीत एका हालचालीची संवेदनाच पुढील हालचालीस चालना देते. जाणीवपूर्वक अवधान फारसे लागत नाही. दळणात हेच घडते. खुंट्याचा फेरा हात आपोआप पुरा करतो. दाणे संपत आले की जात्याचा आवाज बदलतो. तेवढ्यापुरते मन हाताकडे वळते, मूठभर दाणे जात्याच्या तोंडात पडतात आणि मन पुन्हा मोकळे होते.

हे मोकळे मन काय करते? जेफ्री झॅक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार, पुढे काय घडेल याचा अंदाज जेथे चुकतो, तेथे मन अनुभवाचा प्रवाह तोडून 'घटना' वेगळी करते. ओवीही आयुष्याच्या प्रवाहातून असाच तुकडा वेगळा काढते : भाऊ दारी येतो, लेक सासरी निघते. नित्यकर्माच्या लयीत नित्याहून वेगळे ते बसविणे, हा ओवीचा व्यापार आहे, असे म्हणता येईल.

या दृष्टीने पुण्यातील हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांचे कार्य मोलाचे आहे. त्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया'ने त्या प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. विषयवार वर्गीकरणामुळे ओवीचा आशय स्पष्ट होतो. मात्र एका ओवीने दुसरी कशी सुचविली, हा क्रम त्यात विरतो. तो ध्वनिमुद्रणातच ऐकावा लागतो.

पिठाच्या गिरण्या आल्या आणि बायकांचे कष्ट वाचले. त्याचा खेद करण्याचे कारण नाही. परंतु हाताचा सराव सुटल्यावर उरलेली ओवी केवळ संहिता म्हणून वाचणे म्हणजे त्या स्त्रीच्या विचारप्रक्रियेचा निम्मा पुरावा गमावणे होय. म्हणून अभ्यासकाने संहितेसोबत गायनाचा क्रम, विराम आणि जात्याचा आवाजही नोंदवावा.