सैनिकाच्या घराची राखण

उरण तालुक्यात, करंजा गावाजवळ, द्रोणागिरी नावाचा एक डोंगर आहे. त्याच्या नावाविषयी एक कथा सांगतात. लंकेच्या युद्धात लक्ष्मण मूर्च्छित होऊन पडला, तेव्हा मारुतीने संजीवनीसाठी द्रोणागिरी पर्वतच उचलून आणला. त्या पर्वताचा एक तुकडा वाटेत निसटून या किनाऱ्यावर पडला, अशी इकडील लोकांची समजूत आहे. कथा पुराणातील असली, तरी तिच्यातील एक गोष्ट आजही ध्यानात घेण्यासारखी आहे. लक्ष्मण घरापासून फार दूर होता. त्याची माता आणि पत्नी अयोध्येस होत्या. अशा एकाकी पडलेल्या योद्ध्यासाठी कोणीतरी धावून गेले, म्हणून त्याचे प्राण वाचले.

द्रोणागिरीवर एका जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. येथून एकीकडे मुंबईचे विस्तीर्ण बंदर दिसते, तर दुसरीकडे करंजाची खाडी आणि कोळी बांधवांच्या होड्या. नव्या मुंबईच्या ज्या भागाला आज द्रोणागिरी म्हणतात, त्याला या डोंगराचेच नाव मिळाले आहे. करंजा येथे भारतीय नौदलाचे शस्त्रागार आहे. नौदलात देशाच्या सर्व प्रांतांतील माणसे असतात. कोणाचे घर पंजाबात, कोणाचे केरळात, तर कोणाचे आसामात. ती आपला किनारा राखतात. त्याच वेळी आपल्याकडील जवान लडाखच्या बर्फात किंवा राजस्थानच्या वाळूत पहारा देत असतो. म्हणजे प्रत्येक गाव कोणाचे तरी घर असते आणि कोणाचे तरी ठाणे असते.

सैनिकाला शत्रूची भीती वाटत नाही, असे आपण सहज म्हणतो. परंतु त्याला घरची काळजी वाटत नाही, असे कोण म्हणेल? आईचे दुखणे कसे आहे? मुलांच्या शिक्षणाचे काय? शेताच्या बांधावरून तंटा तर झाला नाही ना? हे प्रश्न त्याच्याबरोबर पहाऱ्यावर उभे असतात. ज्याचे मन घराकडे ओढलेले आहे, त्याचे डोळे सीमेवर कसे स्थिर राहणार? म्हणून सैनिकाच्या घराची राखण करणे हाही देशरक्षणाचाच एक भाग आहे.

ही गोष्ट छत्रपती शिवाजी महाराजांनी फार पूर्वी ओळखली होती. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाच्या सैन्याशी मोठी लढाई झाली. तिच्यात जे वीर कामास आले, त्यांच्या मुलांना महाराजांनी चाकरीस घेतले. ज्यांना पुत्र नव्हते, त्यांच्या पत्नींना निमे वेतन चालू केले. जखमी झालेल्यांना जखमा पाहून होन दिले. हा वृत्तान्त कृष्णाजी अनंत सभासद यांनी आपल्या बखरीत लिहून ठेवला आहे. आपल्यामागे घर उघड्यावर पडणार नाही, हा विश्वास त्या मावळ्यांना होता.

आजच्या काळी ही व्यवस्था कशी चालते, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, करंजातील एका कोळी कुटुंबातील तरुण भूदलात आहे आणि त्याची नेमणूक लडाखमध्ये झाली आहे. घरी वृद्ध आई, पत्नी आणि बारा वर्षांची मुलगी आहेत. शांततेच्या ठाण्यावर असता, तर सरकारी निवासस्थान मिळाल्यावर त्याला कुटुंब जवळ ठेवता आले असते. पण आघाडीच्या ठाण्यावर कुटुंबाला नेता येत नाही. अशा जवानांच्या कुटुंबांसाठी सैन्याने देशात काही ठिकाणी निवासस्थाने राखून ठेवली आहेत. परंतु पुष्कळ कुटुंबे आपल्या गावीच राहणे पसंत करतात. आपल्या उदाहरणातील कुटुंबही करंजातच राहिले आहे.

मुलीला वडिलांना पत्र पाठवावयाचे आहे. पाकिटावर ती पत्ता लिहिते; पण त्यात गावाचे नाव नाही! वडिलांचा सैनिकी क्रमांक, हुद्दा, नाव, पलटणीचे नाव आणि शेवटी ‘५६ ए. पी. ओ.’ एवढेच. पलटण कोठे आहे हे शत्रूला कळू नये, म्हणून ही योजना आहे. असे पत्र सैन्याच्या टपाल खात्याकडे जाते. कोणती पलटण कोठे आहे, हे त्या खात्यास ठाऊक असते. पुढे विमान, मोटार, आणि जेथे रस्ताही नाही तेथे माणसाचे पाय, असा प्रवास करीत ते पत्र जवानाच्या हाती पडते. पूर्वेकडील पलटणींसाठी ‘९९ ए. पी. ओ.’ असा पत्ता असतो. समुद्रावरील नाविकांसाठी मुंबईत नौदलाचे निराळे टपाल कार्यालय आहे. आता दूरध्वनीने बोलता येते हे खरे. पण उंच डोंगरांतील सर्वच चौक्यांवर तो हवा तेव्हा लागतो असे नाही. शिवाय बोलणे हवेत विरून जाते. पत्र खिशात राहते आणि पुन्हापुन्हा वाचता येते.

पूर्वी जवानाचा पैसा मनीऑर्डरने घरी येई आणि सारे घर पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसे. आता वेतन बँकेत जमा होते. आघाडीवर जवानाला शिधा आणि थंडीचे कपडे सरकारकडून मिळतात. बिकट ठाण्यांसाठी वेतनाखेरीज विशेष भत्ताही मिळतो. त्यामुळे वेतनाचा मोठा भाग घरासाठी शिल्लक राहू शकतो. वर्षाकाठी साठ दिवसांची वार्षिक रजा आणि तीस दिवसांची नैमित्तिक रजा ठरलेली आहे. मात्र कामाची निकड असेल, तर रजा पुढे ढकलावी लागते. गणपती येतात आणि जातात. नारळी पौर्णिमेला होड्या सजतात. पण त्या घरातील एक पाट रिकामाच राहतो.

एके दिवशी आई आजारी पडते. जवानाची पत्नी, मुले आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील यांना सैनिकी रुग्णालयात उपचार मिळतात. मुंबईस कुलाब्याला नौदलाचे ‘अश्विनी’ रुग्णालय आहे. देवांचे वैद्य जे अश्विनीकुमार, त्यांच्यावरून त्याचे नाव पडले. उरणच्या मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरले, की तेथून ते फार लांब नाही.

आता सर्वांत कठीण प्रसंग पाहू. घरी न्यायालयाची नोटीस येते. जमिनीविषयी कोणीतरी दावा लावला आहे. आता काय करावे? जवान तर हजार मैलांवर! तारखेस तो हजर राहिला नाही, तर निकाल विरुद्ध जाईल काय? पुष्कळ कुटुंबे अशा वेळी घाबरून जातात. परंतु याविषयी १९२५ सालापासून एक कायदा आहे. भारतीय सैनिकांच्या दाव्यांविषयीचा तो कायदा होय. जवान युद्धात किंवा सरकारने ठरविलेल्या विशेष बिकट परिस्थितीत सेवा करीत असेल आणि त्यामुळे त्याला हजर राहता येत नसेल, तर त्याच्या बाजूने बोलणारे कोणी नसताना दावा पुढे रेटला जाऊ नये, अशी तरतूद त्यात आहे. न्यायालय दाव्याचे काम थांबवू शकते. त्याच्या पाठीमागे निकाल लागलाच, तर तो रद्द करून घेण्यासाठी अर्जही करता येतो.

पण मुलांनो, कायदा आपण होऊन चालत घरी येत नाही. जवान कोठे आहे, हे न्यायालयास कोणीतरी कळवावे लागते. यासाठी पुष्कळ जिल्ह्यांप्रमाणे रायगड जिल्ह्यातही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. ते अलिबाग येथे आहे. करंजाहून लाँचने रेवसला आणि तेथून मोटारीने अलिबागला जाता येते. आजीमाजी सैनिक आणि त्यांची कुटुंबे यांच्या अडचणी ऐकून त्या जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत पोहोचविणे, हे या कार्यालयाचे काम आहे. जवानालाही आपल्या अधिकाऱ्यामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लिहिता येते. शहरात शिकणाऱ्या सैनिकांच्या मुलामुलींसाठी महाराष्ट्रात वसतिगृहेही चालविली जातात.

एवढ्या सोयी असूनही कित्येक घरांना त्यांची माहिती नसते. रायगड जिल्ह्यातच, महाड तालुक्यात, फौजी आंबवडे नावाचे गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातून शंभरावर जवान गेले. त्यांतील काही परत आले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात माणसे धाडणाऱ्या अशा गावात कोणता अर्ज कोठे द्यावा, हे सांगणारा माजी सैनिक शेजारीच भेटतो. पण ज्या गावातून एकटाच जवान गेला आहे, तेथे त्याच्या घराला कोण सांगणार? ते काम शेजाऱ्यांचे आहे. आजींना दवाखान्यात नेणे, आलेला कागद वाचून दाखविणे, अर्ज लिहून देणे, रेवसच्या लाँचपर्यंत सोबत करणे, या गोष्टींना पैसा लागत नाही आणि मोठे वयही लागत नाही. तुमच्याएवढ्या मुलांनाही त्या करता येतील.

दरवर्षी ७ डिसेंबरला आपण सशस्त्र सेना ध्वजदिन पाळतो. १९४९ पासून ही प्रथा चालू आहे. त्या दिवशी लहानसा ध्वज छातीवर लावून आपण निधीला हातभार लावतो. वीरपत्नी, अपंग जवान आणि माजी सैनिक यांच्यासाठी तो निधी खर्च होतो. मात्र ध्वज एक दिवस लावावयाचा असतो. शेजारधर्म वर्षभर पाळावयाचा असतो.

मारुतीने आणलेला डोंगर उचलण्याची शक्ती आपल्या अंगी नाही. पण दूरच्या जवानाला आपल्यालाही संजीवनी पाठविता येईल. ‘घरी सर्व कुशल आहे, शेजारी लक्ष ठेवून आहेत’ एवढी एक ओळ त्याला खऱ्या अर्थाने लिहिता यावी, असे आपण वागलो, म्हणजे झाले.

शब्दार्थ

मूर्च्छित – बेशुद्ध. कामास येणे – लढाईत मरण येणे. निमे – अर्धे. होन – सोन्याचे जुने नाणे. शिधा – अन्नसामग्री. नैमित्तिक – काही कारणाने घेतलेली. तरतूद – आधी करून ठेवलेली सोय.

अभ्यास

१. ‘प्रत्येक गाव कोणाचे तरी घर असते आणि कोणाचे तरी ठाणे असते’, याचा अर्थ स्पष्ट करा.
२. आघाडीवरील जवानाच्या पत्त्यात गावाचे नाव का नसते?
३. १९२५ च्या कायद्याने जवानाला कोणते संरक्षण मिळते?
४. तुमच्या गावातील एखाद्या जवानाच्या घराला तुम्ही कोणती मदत करू शकाल, ते दहा ओळींत लिहा.