शस्त्रक्रियेनंतरचा मलावरोध

रोगी शस्त्रक्रिया होऊन घरीं आला म्हणजे आपण त्यास विचारतों, "जखम कशी आहे? जेवण जातें काय?" परंतु "शौचास साफ होतें काय?" हें विचारण्यास आपण संकोचतों, आणि रोगीहि लाजेनें मौन धरितो. ह्या मौनामुळें साधा त्रास बळावतो. म्हणून आजच्या पाठांत त्याविषयीं स्पष्ट बोलणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

कारणें. भुलीच्या औषधानें, व पोटाची शस्त्रक्रिया असल्यास विशेषेंकरून, आंतड्यांची हालचाल मंदावते. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर मोठें आंतडें कामास लागण्यास बहुधा २ ते ३ दिवस जातात. शिवाय मॉर्फीन, कोडीन, ट्रामाडोल हीं अफूच्या वर्गांतील औषधें वेदना शमवितात, तशींच आंतड्यांसहि सुस्त करितात. मग मळ रेंगाळतो, त्यांतील पाणी शोषलें जातें व तो कठीण होतो. निजून राहणें, अल्प आहार आणि लोहाच्या गोळ्या ह्यांचीहि त्यांत भर पडते.

उपाय. १. पाणी थोडें थोडें, पण वारंवार प्यावें. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांस विचारावें.

२. परवानगी मिळतांच चालूं लागावें. आज दारापर्यंत, उद्यां अंगणापर्यंत.

३. पपई, पेरू, भिजविलेल्या मनुका, पालेभाजी हीं खावीं. आंतड्यांची शस्त्रक्रिया झाली असल्यास मात्र विचारल्यावांचून खाऊं नयेत.

४. न्याहारीनंतर आंतड्यांस स्वाभाविक चालना मिळते. त्या वेळीं शौचास बसावें. वेग दाबूं नये व कुंथूंहि नये. कुंथल्यानें टांक्यांवर ताण पडतो. कमोडावर बसणाऱ्यानें पायांखालीं लहान पाट घ्यावा. परंतु खुब्याची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यानें डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणेंच बसावें.

५. वेदनेच्या गोळ्यांबरोबर सारक औषध घ्यावें काय, हें रुग्णालय सोडण्यापूर्वींच विचारावें. सोनामुखीची गोळी रात्रीं घेतल्यास बहुधा सकाळीं गुण येतो. लॅक्ट्युलोजास १ ते २ दिवस लागतात. म्हणून एका रात्रींत गुण न आल्यास मात्रा वाढवूं नये.

काय करूं नये. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून एरंडेल किंवा जालीम जुलाब घेऊं नये. डॉक्टरांच्या आज्ञेवांचून एनिमाहि घेऊं नये. आंतड्यांवरील टांके कच्चे असतां त्यापासून जिवास धोका होऊं शकतो. अपुऱ्या पाण्यानें घेतलेला इसबगोल आंतड्यांतच अडकून बसूं शकतो. शौचास होत नाहीं म्हणून वेदनेचें औषध परस्पर बंद करूं नये. वेदनेनें जखडलेला मनुष्य चालत नाहीं, आणि चालल्यावांचून आंतडें जागें होत नाहीं.

धोक्याचीं चिन्हें. ३ दिवस शौचास न झाल्यास डॉक्टरांस कळवावें. परंतु पोट फुगणें, ओकाऱ्या, वायु न सरणें, वाढती कळ, ताप किंवा रक्त पडणें ह्यांपैकीं कांहींहि दिसल्यास घरगुती उपाय न करितां तत्काळ रुग्णालय गांठावें. तेथें दवडलेला एक दिवसहि फार महाग पडतो.

रोग्याच्या समाचारास जाणाऱ्यांस आमची विनंती कीं, चार लोक उठून गेल्यावर तो प्रश्न त्यास हळूच विचारावा. पुष्कळ रोगी कोणी विचारण्याचीच वाट पाहत असतात.

उजळणीसाठीं प्रश्न. १. वेदनेच्या औषधानें मलावरोध कां होतो? २. कोणतीं चिन्हें दिसल्यास जुलाब न देतां रोग्यास रुग्णालयांत न्यावें?