एका खोलीत दोघे

शास्त्रपाठ : उत्पत्ती 13:1-12, नीतिसूत्रे 27:14, मत्तय 18:15

नव्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभी आपली कितीतरी मुले-मुली प्रथमच घर सोडून वसतिगृहात जातात. कोणी पुण्याला, कोणी वेल्लोरला, कोणी लुधियान्याला. तेथे एक अनोळखी सोबती त्यांच्या खोलीचा अर्धा धनी असतो. त्याची भाषा, जेवण, झोपेची वेळ, सारेच निराळे. त्याच्याशी कसे राहावे, हे कोणत्याही अभ्यासक्रमात नसते.

1. तंट्याचे मूळ ओळखा. अब्राम व लोट हे चुलते-पुतणे. त्यांच्यात वैर नव्हते. पण दोघांचे कळप इतके वाढले की, ती भूमी त्यांना पुरेना, आणि गुराख्यांत तंटा सुरू झाला. वसतिगृहातही पंखा एक, खिडकी एक, आणि माणसे दोन. सोबती वाईट आहे असे ठरवण्यापूर्वी जागा अपुरी आहे, हे ध्यानात घ्या.

2. पहिली निवड त्याला द्या, पण सीमा ठरवा. अब्राम वडील असूनही त्याने निवडीचा मान लोटाला दिला. तरी एकाने डावीकडे तर दुसऱ्याने उजवीकडे जावे, हेही स्पष्ट केले. खिडकीजवळची खाट सोबत्याला घेऊ द्या. मात्र दिवा केव्हा मालवावा, झाडलोट कोणी करावी, कोणती वस्तू विचारल्यावाचून घेऊ नये, हे पहिल्याच आठवड्यात बोलून घ्या.

3. आपली भक्ती त्याला ओझे होऊ देऊ नका. भल्या पहाटे मोठ्या आवाजात दिलेला आशीर्वादही मित्राला शापासारखा वाटतो, असा नीतिसूत्रांचा इशारा आहे. रात्री दोनपर्यंत वाचून निजलेल्या सोबत्याच्या उशाशी दिवा लावून गीत गाणे, ही साक्ष नव्हे. प्रार्थना मनातही करता येते. तो त्याच्या रीतीने उपासना करीत असता आपणही शांतता राखावी.

4. गाऱ्हाणे त्यालाच सांगा. अपराध करणाऱ्या भावाकडे आधी एकट्याने जावे, असे प्रभू येशूने शिकवले. आपण उलट करतो. मेसमध्ये सर्वांना कळते, फोनवरून आईला कळते, आणि सोबत्याला सर्वांत शेवटी. "तू स्वार्थी आहेस" असे म्हणण्यापेक्षा "काल एक वाजता तू फोनवर बोलत होतास, मला झोप लागली नाही" असे म्हणा. दोषारोपाला उत्तर भांडणाने मिळते. अडचणीवर उपाय निघतो.

5. सोसण्याचीही मर्यादा आहे. मारहाण, धमकी, पैसे उकळणे यांना सहनशीलतेच्या नावाखाली झाकू नका. महाराष्ट्रात 1999 च्या कायद्याने आणि देशभर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांनी रॅगिंगला बंदी आहे. असे घडल्यास वॉर्डनला व घरी तत्काळ कळवा. 1800-180-5522 या राष्ट्रीय मदतक्रमांकावरही तक्रार करता येते.

आणि एवढे करूनही जमले नाही तर? अब्राम व लोट अखेर वेगळे झालेच. पण पुढे शत्रूंनी लोटाला धरून नेले, तेव्हा त्याच्यासाठी धावून गेला तो अब्रामच (उत्पत्ती 14). खोली बदलणे हा पराभव नव्हे. त्याच्या तापात त्याच्या दाराशी जाण्याइतके नाते मात्र राखून ठेवा.

मननासाठी : माझ्या कोणत्या सवयीमुळे सोबत्याची झोप वा अभ्यास बिघडतो? हे मी त्याला कधी विचारले आहे काय?