जादूनगरीतला खटला

प्रश्न : जादूनगरीतल्या खुनाच्या खटल्यावर गेम बनवतोय. डेमो मित्रांना दिला. कुणाला सोपा वाटला, कुणाला अवघड. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, गोंदिया

उत्तर : ऐका सगळ्यांचं, पण उपाय त्यांना विचारू नका. शेजारी गप्प बसा आणि ते कुठे अडतात तेवढं टिपा. कॅपकॉमच्या २००१ मधल्या ‘एस अटर्नी’ या गेममध्ये साक्षीतली विसंगती पुरावा दाखवून पकडायची असते. तुमच्या खटल्यात जादू आहे, घोळ तिथेच होतो. मंत्राने कुलूप उघडतं हे साक्षीआधी कळलं नसेल, तर खेळणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं. चुकीचा पुरावा दिला की न्यायाधीशांच्या बोलण्यातून थोडा इशारा मिळू द्या. झाडीपट्टीची नाटकं रात्रभर पाहणाऱ्या एखाद्या काकांनाही डेमो द्या. संवाद कुठे रेंगाळतात, ते बरोबर सांगतील.