पट मोजण्याआधी अंतर मोजा

वाचनासाठी: लूक १५:१-७



या तिमाहीच्या पाठासाठी मी रामटेक तालुक्यातल्या एका टोल्यावरची शाळा घेतली आहे. टोल्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. देवलापारच्या पुढे, पेंचच्या जंगलाला लागून वीस-बावीस गोंड घरांची ही वस्ती. शाळेच्या दोन खोल्या, एक हातपंप आणि अंगणात मोहाचे झाड. पहिली ते चौथी मिळून ११ मुले आणि एक शिक्षक.

ही शाळा बंद करून मुलांना पुढच्या गावच्या शाळेत 'समायोजित' करणार, अशी बोलवा गेल्या वर्षी उठली. खरे सांगते, तेव्हा मला ते पटले होते. मी स्वतः प्राथमिक शिक्षिका होते. एका शिक्षकाने चार वर्ग सांभाळायचे, त्यातच पोषण आहार आणि माहितीचे कागद पाहायचे, म्हणजे मुलांच्या वाट्याला काय येते हे मी अनुभवले आहे. मोठ्या शाळेत सोबती मिळतील, प्रत्येक वर्गाला शिक्षक मिळेल, असा माझा विचार होता. आपल्या समितीच्या बैठकीत मी तसे बोललेही.

मग जुलैत एका सकाळी त्या मुलांबरोबर पुढच्या गावापर्यंत चालत गेले. अंतर साडेतीन किलोमीटर भरले. पहिलीतल्या मुलीच्या पावलाने सव्वा तास लागला. मध्ये एक नाला आहे. त्यावर पूल नाही, नुसता रपटा आहे आणि त्यावरून गुडघाभर पाणी वाहत होते. नाल्यापुढचा रस्ता जंगलातून जातो. परतल्यावर एका आईने विचारले, "बाई, मोठ्या पोराले धाडीन मी. पण या लहान पोरीले कशी धाडू? नाल्याले पूर येते, अन् वाघ बी फिरते तिकडं." माझ्याकडे उत्तर नव्हते.

शेजारच्या टोल्यावरची शाळा दोन वर्षांपूर्वीच बंद झाली आहे. तिथल्या सहा मुलांची नावे मोठ्या शाळेच्या पटावर गेली. कागदावर सहाही मुले शिकत आहेत. प्रत्यक्षात तिघेच जातात. तिसरीतली एक मुलगी आता शेळ्या राखते. शाळेच्या हिशेबात ती हरवलेली नाही, म्हणून तिला शोधायलाही कोणी निघालेले नाही.

प्रश्न एका टोल्याचा नाही

२०१७ च्या अखेरीस राज्यात १० पेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करण्याचे जाहीर झाले. २०२२ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली गेली, तेव्हा अशा शाळा सुमारे १५ हजार आणि त्यांतील मुले १ लाख ८५ हजारांच्या आसपास निघाली. म्हणजे एका शाळेमागे सरासरी बारा मुले. आपल्या टोल्यासारखीच! सप्टेंबर २०२३ मध्ये नंदुरबारच्या तोरणमाळ आणि पुण्याच्या पानशेतच्या धर्तीवर 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवण्यात आले. त्याच्या आदल्या वर्षी इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची आदिवासी मुले दप्तरे घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेली होती. शाळा देत नसाल तर दप्तरे घ्या आणि राखायला शेळ्या तरी द्या, असे त्यांचे म्हणणे होते. ते पेपरात वाचले तेव्हा ही आंदोलनाची एक युक्ती असेल असे मला वाटले. शेजारच्या टोल्यावरची ती मुलगी पाहिल्यावर कळले की मुले सरळ सत्य सांगत होती.

कायदा काय म्हणतो

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ चा आहे. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. कलम ६ प्रमाणे मुलाच्या परिसरात शाळा असणे ही शासनाची व स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत हा परिसर पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर धरला आहे. नवी शाळा उघडताना मुलांची संख्या पाहिली जाते, हे खरे. पण चालू शाळा बंद करायची झाली, तर त्या मुलाला परिसरात दुसरी शाळा कुठे आहे, हा प्रश्न सुटत नाही. म्हणून शाळा वाचवताना 'मुले किती?' या प्रश्नाशीच वाद घालत बसू नये. 'घरापासून शाळा किती लांब?' हे आधी विचारावे.

नागपूर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. त्यामुळे पेसा कायद्याने गडचिरोलीतल्या ग्रामसभांना मिळालेले अधिकार रामटेकच्या गोंड वस्त्यांना नाहीत. इथे मुख्य आधार शिक्षण हक्काचाच आहे.

आम्ही काय केले

मोर्चा काढला नाही. आधी कागद तयार केले.

१. प्रत्येक मुलाच्या घरापासून पुढच्या शाळेपर्यंतचे अंतर चालून मोजले. नाल्याचे पावसाळ्यातले फोटो तारखेसह ठेवले.

२. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक घेतली. या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. आपण समितीवर आहोत हे दोन आयांना त्या दिवशी पहिल्यांदा कळले! समितीने ठराव केला आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तो पुन्हा मांडला.

३. अर्ज मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी या क्रमाने दिला. एका कार्यालयात 'ठेवून जा' म्हणाले, तरी पोच घेतल्याशिवाय उठलो नाही. कलम ३२ प्रमाणे लेखी तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय व्हावा लागतो. तो मान्य नसेल तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.

४. घरोघर जाऊन शाळेबाहेरची मुले शोधली. वीटभट्टीवरून परतलेल्या एका कुटुंबातली दोन मुले दाखल झाली. ३० सप्टेंबरच्या पटावर शिक्षकांची संचमान्यता ठरते, म्हणून हे काम त्याआधी व्हावे लागते. खोटे नाव एकही घातले नाही. तसा आग्रह झाला होता, पण खोट्या पटावर उभी केलेली शाळा पहिल्याच तपासणीत कोसळते आणि खऱ्या मुलांवरचाही विश्वास उडतो.

आज पट १३ आहे आणि शाळा सुरू आहे. ती पुढच्या वर्षी राहील, अशी लेखी हमी मात्र मिळालेली नाही.

पाठ

लूकच्या पंधराव्या अध्यायातला मेंढपाळ हिशेबात कच्चा नव्हता. शंभर मोजली होती, म्हणून तर एक कमी आहे हे त्याला कळले. मोजणे वाईट नाही. कोणाला वगळता येईल हे पाहायला मोजायचे, की कोण राहून गेले हे शोधायला, एवढाच प्रश्न आहे. ११ हा आकडा पाहून मी पहिला हिशेब केला होता. दुसरा हिशेब मला त्या मुलांबरोबर चालल्यावर समजला.

मेंढपाळ मेंढराची वाट पाहत बसला नाही, निघाला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हेच केले. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम करताना, गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून त्यांनी कुरणातच शाळा नेली. ती कुरणशाळा. त्यांची आठवण ठेवून दर शनिवारी मी पाटी घेऊन शेजारच्या टोल्यावर जाते. ती मुलगी शेळ्यांवर एक डोळा ठेवून वाचते. आता जोडाक्षरांपर्यंत आली आहे. पण आठवड्यातला एक तास म्हणजे शाळा नव्हे. तिच्या टोल्यावरून वाहनाची सोय किंवा वाहतूक भत्ता मिळावा, असा अर्ज आता तिच्या वडिलांच्या अंगठ्याने गेला आहे.

एक इशाराही देते. शाळा वाचली म्हणजे काम संपले नाही. उरलेल्या शाळेत मुले वाचायला शिकत नसतील तर पालक आपणहून पाठ फिरवतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल. पाचशे पावलांवर दुसरी चांगली शाळा असेल, तर तिथे भांडूही नये. आपल्याला इमारत वाचवायची नाही, मूल वाचवायचे आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीच्या पाच किलोमीटरच्या आत कमी पटाची शाळा आहे का? तिथल्या मुलांना पुढची शाळा किती लांब पडेल? भगिनी मंडळ किंवा तरुण संघाने ते चालून मोजावे.

२. 'एवढ्या थोड्यांसाठी एवढा खर्च कशाला?' असे आपण मंडळीत कोणाबद्दल म्हणतो का?

३. मोजणीत न दिसणारे मूल आपल्या वस्तीत कोण आहे?

प्रार्थनेसाठी

टोल्यावरच्या १३ मुलांसाठी आणि त्यांच्या एकट्या शिक्षकांसाठी. निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी. जूनअखेर विदर्भातल्या शाळा उघडतील, तेव्हा त्या मुलीच्या शेळ्या दुसऱ्या कोणाच्या हाती असाव्यात आणि तिच्या हाती दप्तर असावे, यासाठी.