शालजोडीतले बोल : उपरोध आणि नातीगोती



सत्य बोलावे, मृदू बोलावे, मोजके बोलावे, असा वाणीचा उपदेश आपण नेहमी ऐकतो. परंतु नित्य व्यवहारात मनुष्य पुष्कळ वेळा मनात एक ठेवून मुखाने त्याच्या नेमके उलट बोलतो, आणि तरीही ते असत्य ठरत नाही. लग्नाला उशिरा पोचलेल्या पाहुण्याला पांढुर्णा-सौंसरकडे मांडवाच्या दारातच ऐकावे लागते, "लय लवकर आले जी तुमी! आता मांडव सोडाचाच राह्यला." बोलणारा हसतो, पाहुणाही हसतो, आणि हातपाय धुऊन पंगतीला बसतो. येथे कोणी कोणाला फसविलेले नाही. 'उशीर केलात' ही तक्रार पोचली आणि 'तरी तुम्ही आमचेच आहात' हेही पोचले. अशा बोलण्याला आपण उपरोध म्हणतो. हे वाकडे बोलणे नाती कशी राखते, आणि तेच बोलणे नाती केव्हा तोडते, एवढाच या पाठाचा विषय आहे.

१. शास्त्राची दृष्टी

आपल्या अलंकारशास्त्राने या विषयाचा फार पूर्वीच सूक्ष्म विचार केला आहे. नवव्या शतकातील रुद्रटाने वक्रोक्तीचे दोन प्रकार मानले. एक श्लेषाचा, म्हणजे शब्दाच्या दोन अर्थांवर चालणारा, दुसरा काकूचा. काकू म्हणजे आवाजाचा हेल. 'शहाणाच आहेस!' हे कौतुक हेल बदलताच निंदा होते. शब्द मात्र तेच राहतात. व्याजस्तुती म्हणजे निंदेच्या मिषाने स्तुती किंवा स्तुतीच्या मिषाने निंदा. अकराव्या शतकातील मम्मटाने काव्यप्रकाशात एक उदाहरण घेतले आहे. त्यात अपकार झालेला मनुष्य अपकार करणाऱ्यालाच उपकारकर्ता म्हणून गौरवितो आणि वर दीर्घायुष्याचा आशीर्वाद देतो. शब्दाचा सरळ अर्थ येथे टाकूनच द्यावा लागतो.

मम्मटाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. सूचित अर्थ केवळ शब्दातून निघत नाही. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आवाज कसा, प्रसंग कोणता, हे सर्व मिळून तो अर्थ ठरवितात. वाचकांनी हे सूत्र ध्यानात ठेवावे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावरच उभे आहे.

आपल्या मराठीत तर काही उपरोध इतके रुळले आहेत की त्यांचा सरळ अर्थ आपण विसरून गेलो. परीक्षेत 'दिवे लावले' म्हटले की मुलगा नापास झाला हे घरभर कळते. 'मुक्ताफळे' म्हणजे मोती. परंतु 'मुक्ताफळे उधळली' म्हटले की कोणीतरी मूर्खासारखे बरळला असेच आपण समजतो. मानाच्या शालीत जोडा गुंडाळून मारावा, त्याला आपण 'शालजोडीतला' म्हणतो. या एका शब्दात उपरोधाची सारी रीत आली आहे : वरून मान, आतून मार.

२. आधुनिकांचा विचार

पाश्चात्त्य पंडितांनीही गेल्या शतकात या विषयाकडे लक्ष दिले. पॉल ग्राइस यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात म्हटले की, वक्ता उघड उघड खोटे बोलतो तेव्हा श्रोता 'याला दुसरेच काही सांगायचे आहे' असे ओळखतो. डॅन स्पर्बर आणि डेर्ड्र विल्सन यांनी १९८१ साली याच्याही पुढे पाऊल टाकले. उपरोध हा प्रतिध्वनी असतो, असे त्यांचे म्हणणे. 'लवकर आलात' या बोलण्यात 'पाहुण्याने लवकर यावे' या सर्वांच्या अपेक्षेचाच प्रतिध्वनी आहे. ती अपेक्षा फसली, एवढेच हेल दाखवितो. म्हणून उपरोध करणारा एका अर्थी रीतीची आठवण करून देत असतो. आणि रीत दोघांनाही मान्य असेल तरच ती आठवण पोचते.

पेनेलोपी ब्राऊन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी सभ्यतेवरील आपल्या ग्रंथात उपरोधाला आडून बोलण्याच्या प्रकारांत बसविले. प्रत्येक मनुष्याला समाजात आपली पत राखावयाची असते. तोंडावर दोष सांगितला की ती पत जाते आणि मग भांडणावाचून मार्ग उरत नाही. आडून सांगितले तर ऐकणाऱ्याला 'मला कळलेच नाही' असे दाखविता येते आणि बोलणाऱ्याला 'मी तर हसत होतो' असे म्हणून नामानिराळे राहता येते. दोघांनाही माघारीची वाट राहते. रेमंड गिब्ज यांनी २००० साली अमेरिकेतील महाविद्यालयीन मित्रमैत्रिणींची ६२ संभाषणे तपासली, तेव्हा बोलण्याच्या दर शंभर पाळ्यांत सुमारे आठ उपरोधाच्या निघाल्या. म्हणजे हा काही क्वचित वापरावयाचा अलंकार नव्हे. स्नेहाच्या बोलण्यातले ते रोजचे मीठ आहे.

३. आपल्या घरादारातील उपयोग

हे सर्व आपल्याकडे कसे चालते ते पाहू. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तहसिली येतात. येथे घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, असा दोन भाषांचा संसार आहे. त्यामुळे उपरोधालाही दोन वस्त्रे मिळाली. धाकटा भाऊ शेतावर जायला टाळाटाळ करतो तेव्हा थोरला त्याला एकाएकी 'आइए साहब, बैठिए' म्हणतो. घरच्या माणसाला कचेरीचा मान दिला, की मानाचा अर्थ आपोआप उलटतो. धाकटा उठतो, आणि चारचौघांत त्याला कोणी आळशी म्हटलेले नसते.

संत्र्याच्या बगीच्याचा सौदा घ्या. व्यापारी फळ हातात घेऊन म्हणतो, "भाऊ, लिंबं मस्त आहेत तुमची." बागवाला उत्तर देतो, "हो जी, तुमाले आंबट नको म्हणूनच मोठी लिंबं ठेवली." भाव अजून ठरलेला नाही, परंतु दोघांनीही एकमेकांची ताकद पाहिली. उघडपणे 'तुझे फळ बारीक आहे' आणि 'तू लबाड आहेस' असे म्हटले असते तर सौदा तेथेच मोडला असता, आणि पुढच्या बहाराला तो व्यापारी त्या बगीच्याकडे फिरकलाही नसता.

नात्यांतही काही नाती थट्टेची आणि काही मर्यादेची असतात. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी, आजोबा-नातू यांच्यात थट्टा चालते. सासरा-सून यांच्यात चालत नाही. रॅडक्लिफ-ब्राऊन या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० साली थट्टेच्या नात्यांवर निबंध लिहिला. ज्या नात्यात जवळीकही आहे आणि हितसंबंधांचा ताणही आहे, तेथे समाज थट्टेला परवानगी देतो व राग मानायला बंदी करतो, असे त्याने दाखविले. लग्नानंतर दोन घरे एकत्र येतात, पण पूर्ण एक होत नाहीत. त्या मधल्या फटीत थट्टा भरली जाते.

४. शब्दांचे खडे आणि खरे दगड

पोळ्याच्या सणात या गोष्टीचे मोठे उदाहरण दिसते. नागपूर-वऱ्हाडाकडे तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या म्हटल्या जातात. झडतीत सावकार, पुढारी, सरकार, महागाई, गावातला कंजूष अशा सर्वांना शालजोडीतले मिळतात, आणि शेवटी शिवपार्वतीच्या नावाचा गजर होतो. वर्षभर ज्याच्या पुढे मान वाकवावी लागते त्याला त्या दिवशी गावासमोर टोला देता येतो. टोला खाणाराही हसतो, कारण न हसणे म्हणजे तो टोला आपल्याला लागला असे कबूल करणे होय. गजरात सर्वांचे आवाज मिसळले की तो हिशेब तेथेच मिटतो.

पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार असते. नदीच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. झेंड्यासाठी दोन्हीकडून दगड सुटतात. शेकडो लोक जखमी होतात. आजवर काहींचे प्राणही गेले आहेत. या प्रथेच्या मुळाशी पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी यांची कथा सांगितली जाते. म्हणजे तेथेही विषय दोन गावांच्या सोयरिकीचाच आहे. एरवी हीच माणसे एकमेकांशी व्यवहार करतात, एकमेकांच्या सुखदुःखाला जातात. वाचकांनी या दोन दिवसांचा शेजार पाहावा. ताण दोन्हीकडे आहे. शब्दाचा खडा लागला तर ऐकणारा शब्दानेच उत्तर देऊ शकतो आणि संध्याकाळी दोघे एका पंगतीत बसतात. दगडाने फुटलेले डोके घेऊन मात्र मनुष्य रुग्णालयात जातो. उपरोधाची खरी योग्यता येथे कळते.

५. उपरोध केव्हा विष होतो

परंतु उपरोध सदैव निर्दोष असतो असे नव्हे. त्याचा प्राण उत्तरात आहे. ज्याला उद्देशून बोललो त्याला उलट बोलण्याची मोकळीक असेल तर तो खेळ. नसेल तर तो छळ. बागवाला व्यापाऱ्याला उत्तर देतो. परंतु नवी सून सासूला काय उत्तर देणार? 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण आपण हसत सांगतो. तिच्यात लेकीला बोलणे हे निमित्त आहे आणि सुनेला लागणे हा हेतू आहे. 'आमच्या सूनबाईंना काय, माहेरी नोकर होते!' हे वाक्य पाहुण्यांसमोर हसत उच्चारले जाते. सुनेने उत्तर दिले तर ती उद्धट. रडली तर 'थट्टाही कळत नाही'. गप्प राहिली तर ते रोजचेच होते. म्हणजे नामानिराळे राहण्याची जी सोय बरोबरीच्या माणसांत नाते राखते, तीच दुबळ्याच्या बाबतीत त्याची न्यायाची वाट बंद करते. मार लागला, पण मारणारा कोणीच नाही. शेतातील गडी, दुकानातील नोकर, आश्रित नातलग यांचीही हीच स्थिती असते.

लहान मुलांविषयी तर अधिक जपावे. उपरोध कळू लागण्याचे वय साधारण सहाच्या आसपास असते आणि ती समज पुढे कित्येक वर्षे वाढत राहते. चार वर्षांच्या मुलाने दूध सांडल्यावर 'शाबास!' म्हटले, तर त्याला एकतर ती शाबासकीच वाटते, किंवा शब्द गोड आणि चेहरा रागीट यांचा मेळ न लागून ते भांबावते. दोष कळत नाही. भीती मात्र बसते.

आणखी एक धोका आजच्या काळाचा आहे. भ्रमणध्वनीवर लिहिलेल्या संदेशात काकू नसतो. २००५ साली अमेरिकेत जस्टिन क्रूगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. ई-पत्रातून पाठविलेले वाक्य उपरोधाचे आहे की सरळ, हे सुमारे ७८ टक्के वेळा ओळखले जाईल असे लिहिणाऱ्यांना वाटले. वाचणाऱ्यांनी ते ५६ टक्केच ओळखले, म्हणजे नाणे उडवून कौल लावण्यापेक्षा थोडेसेच बरे. लिहिणाऱ्याच्या कानात त्याचा स्वतःचा हेल घुमत असतो. वाचणाऱ्याला कोरडी अक्षरे दिसतात. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटात एका 'वा, छान!' वरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो, त्याचे कारण हेच.

६. शरणांची रीत

बाराव्या शतकातील शरणांनीही उपरोध वापरला. परंतु कोणावर वापरला ते पाहावे. बसवण्णांनी दगडाच्या नागाला दूध आणि जिवंत नागाला काठी या लोकव्यवहारावर टोला दिला, तो सर्व समाजाच्या दांभिकतेवर होता. स्वतःच्या चंचल मनाला तर ते सर्वांत आधी धारेवर धरतात. अल्लमप्रभू सोन्नलिगेस, म्हणजे आजच्या सोलापुरास, गेले तेव्हा तळे खोदविण्यात मग्न असलेल्या सिद्धरामांना त्यांनी 'वड्डर' म्हणून हाक मारली, असे शून्यसंपादनेत येते. दगडमातीच्या कष्टाची ती निंदा नव्हे. कर्तेपणाच्या अभिमानाला दिलेला तो धक्का होता. सिद्धरामांच्या माणसांनी चिडून दगड उचलले. परंतु सिद्धराम सामर्थ्यवान होते, उत्तर देऊ शकत होते, आणि त्यांनी प्रश्नोत्तर करून तो बोल समजून घेतला. पुढे ते कल्याणास गेले. दुबळ्याला मात्र शरणांनी आदराचीच हाक दिली. आदराच्या हाकेत स्वर्ग आणि तुच्छतेच्या हाकेत नरक, हे बसवण्णांच्या एका वचनाचे तात्पर्य सर्वांना परिचित आहे.

७. आचरणासाठी

तेव्हा उपरोध ओठावर आला की चार प्रश्न मनाला विचारावेत. ज्याला बोलतो तो मला असेच उलट बोलू शकतो काय? माझ्या मनातली रीत त्यालाही मान्य आहे काय? तो माझा चेहरा पाहतो, आवाज ऐकतो आहे काय? आणि शेवटी, त्याला हसून सुटण्याची वाट मी ठेवली आहे काय? चारही उत्तरे होकारार्थी असतील तर खुशाल बोलावे. त्याने स्नेह वाढेल. एकही नकार आला तर सरळ बोलावे, एकांतात बोलावे, किंवा मौन धरावे. आणि सासूने सुनेला, मालकाने गड्याला टोला द्यायचाच असेल, तर आधी एखादा टोला त्यांच्याकडून हसत झेलून दाखवावा. ज्या घरात सून सासूची थट्टा करू शकते, त्या घरात सासूचा टोमणाही गोड लागतो.

शरणु शरणार्थी.